तालुक्यात गुन्हे घटले की फक्त नोंदी घटल्या? ग्रामीण ठाण्याचे आकडे कसे वाचावेत

आपली अडचण मला समजली ती अशी. तालुक्याच्या पोलीस ठाण्याने बैठकीत मागील वर्षापेक्षा एकूण गुन्हे कमी झाल्याचे सांगितले. आपल्या आणि आसपासच्या गावांत मात्र विहिरीवरच्या मोटारी, केबल आणि दुचाकी जाण्याचे प्रकार थांबलेले नाहीत, आणि दिवाळीनंतर बंद घरे फोडल्याच्या दोन घटनाही घडल्या. म्हणून आपण विचारता की पोलीस आकडे लपवतात का, नव्या चौकीसाठी निवेदन द्यावे का, की गावातल्या तरुणांनी रात्रीची गस्त सुरू करावी.

माझी बहुतेक नोकरी महाराष्ट्रातील ग्रामीण पोलीस ठाण्यांत झाली. ठाणे अंमलदार म्हणून फिर्यादी लिहून घेतल्या, बीट, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील नेमून दिलेली काही गावे, सांभाळले आणि पुढे प्रभारी अधिकारी म्हणून हेच आकडे वरिष्ठांपुढे मांडले. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की ‘गुन्हे घटले’ हे ठाण्याचे विधान आणि ‘चोऱ्या वाढल्या’ हे आपले निरीक्षण, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. आपला खरा प्रश्न एकूण आकड्याचा नाहीच. आपल्या गावांतल्या या विशिष्ट चोऱ्या दखलपात्र गुन्हा म्हणून, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना करू शकतात असा गुन्हा म्हणून, दप्तरी येतात की नाही, आल्या तर त्यांचा तपास कोण करतो आणि रात्री त्या रस्त्यांवर कोण असते, हा तो प्रश्न आहे. आपल्या ठाण्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तेथे नेमके काय घडते यावर मत देणार नाही. कुठे पाहावे एवढे मात्र सांगता येईल.

प्रथम एकूण आकड्याविषयी. आपल्याकडे ठाण्याचे गुन्हे पूर्वापार ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ असे मोजले जातात. खून, दरोडा, घरफोडी, चोरी, दुखापत, फसवणूक हे सारे पहिल्या गटात येतात, तर दारूबंदी आणि जुगार यांसारख्या कायद्यांखालील छापे भाग ६ मध्ये. भाग ६ चा आकडा गुन्हेगारीपेक्षा पोलिसांची हालचाल अधिक दाखवतो, कारण हातभट्टीची किंवा मटक्याची फिर्याद द्यायला सहसा कोणी येत नाही. पोलीस छापा घालतात तेव्हाच गुन्हा दाखल होतो. निवडणुकीच्या आधी विशेष मोहिमा निघतात, छापे वाढतात आणि आकडा फुगतो. पुढच्या वर्षी तो आपोआप उतरतो. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. त्या वर्षाशी तुलना करून कोणी ‘एकूण गुन्हे घटले’ म्हणत असेल, तर त्यातली किती घट केवळ दारूच्या छाप्यांची आहे हे आधी विचारावे.

हीच गोष्ट इतर रकान्यांची. हद्दीतून महामार्ग जात असेल तर अपघाती मृत्यूचे गुन्हे एकूण आकड्याचा मोठा भाग व्यापतात, आणि एखादे धोकादायक वळण सुधारले की ठाण्याची ‘गुन्हेगारी’ कमी झाल्याचे कागदावर दिसते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोड मुकादमाने उचल घेऊन टोळी न पाठवल्याच्या फसवणुकीच्या फिर्यादी गळीत हंगामाच्या आगेमागे येतात, द्राक्षांच्या पट्ट्यात माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या. या सगळ्यांची बेरीज करून तिला ‘तालुक्यातील गुन्हे’ म्हणणे कागदाच्या सोयीचे असले, तरी आपल्या विहिरीवरच्या मोटारीबद्दल त्या बेरजेतून काहीही कळत नाही.

शिवाय तालुक्याच्या पातळीवर आकडे लहान असतात. एका वर्षी दोन खून आणि पुढच्या वर्षी चार, म्हणजे शंभर टक्के वाढ अशी बातमी होते, पण त्यातला एखादा भावकीतील जमिनीच्या वादाचा आणि दुसरा घरगुती असेल तर त्यावरून तालुका बिघडला असे म्हणता येत नाही. उलट एखादी चार-पाच जणांची टोळी एका हंगामात तीन तालुक्यांतल्या मोटारी नेते, ती पकडली गेली की डझनभर गुन्हे एकदम ‘उघडकीस’ येतात, आणि ठाण्याचे उघडकीचे प्रमाण एका रात्रीत सुधारते. म्हणून दोन वर्षांची तुलना मी कधीच पुरेशी मानली नाही. निदान पाच वर्षांचे, तेही महिनावार आणि गुन्ह्याच्या प्रकारानुसार आकडे समोर असल्याशिवाय वाढ किंवा घट हा शब्द वापरू नये.

आता नोंदीचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वात महत्त्वाचा आहे आणि ज्याविषयी लोकांत सर्वाधिक गैरसमज आहेत. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, स्वतःच्या वार्षिक अहवालातच बजावतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा विभाग एका प्रथम खबरीतील (एफआयआरमधील) सर्वात गंभीर गुन्हाच मोजतो, त्यामुळे एकाच घटनेतील किरकोळ कलमे त्या आकड्यांत दिसतही नाहीत. घटना घडल्यापासून ती आकडा होईपर्यंत तीन ठिकाणी गळती होते आणि तिन्हींची कारणे निराळी आहेत.

पहिली गळती ठाण्याच्या बाहेरच होते. शेळी गेली, स्टार्टर गेला, पाइप गेले तर शेतकरी फिर्याद देत नाही, कारण एक दिवस ठाण्यात, पुढे पंचनाम्याला, मग कोर्टाच्या तारखांना जायचे आणि वस्तू मिळण्याची खात्री नाही, हा त्याचा हिशेब असतो आणि तो चुकीचाही नसतो. कधी चोर कोण हे गावाला माहीत असते, पण तो नात्यातला किंवा पुढाऱ्याच्या जवळचा असतो. स्त्रियांवरील अत्याचारांच्या बाबतीत तर घराच्या अब्रूच्या नावाखाली किती प्रकरणे दाबली जातात याचा अंदाज कोणताही आकडा देऊ शकत नाही. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा बांधाचे, पाण्याचे, भावकीचे अनेक वाद गावातच मिटले. ते चांगलेच झाले. पण त्यामुळे मारामारीच्या नोंदी उतरल्या म्हणून गुन्हेगारी उतरली असा अर्थ काढणे घाईचे ठरले असते, आणि जे गुन्हे कायद्याने तडजोडीस पात्र नाहीत तेही काही ठिकाणी बैठकीत ‘मिटवण्याचा’ मोह झाला, हेही नाकारता येत नाही.

दुसरी गळती कायद्यातच आहे आणि आपल्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पूर्वी साधी चोरी, मग ती कितीही किमतीची असो, दखलपात्र होती. नव्या व्यवस्थेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. अदखलपात्र म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ होते, तिची प्रत मिळते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि ती घटना चोरीच्या गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. आता आपल्या केबलचा विचार करा. एका रात्रीत ओढ्याकाठच्या दहा विहिरींवरून प्रत्येकी तीन-चार हजारांची केबल कापून नेली, तर शेतकऱ्यांच्या लेखी ती मोठी चोरी आहे, पण कागदावर त्या दहा एनसी होऊ शकतात आणि ‘चोरी’च्या रकान्यात शून्य. यात कोणा अधिकाऱ्याने काही लपवलेले असेलच असे नाही. पण २०२४ च्या आधीच्या आणि नंतरच्या चोऱ्यांची थेट तुलना करणाऱ्याने ही पायरी लक्षात घेतलेली नसेल, तर त्याचा निष्कर्ष चुकणारच.

म्हणून मोटार किंवा केबल गेली तर फिर्याद देताना गेलेल्या मालाची पूर्ण यादी, जुनी बिले आणि प्रत्यक्ष किंमत सांगावी. किंमत फुगवू नये, पण ‘किरकोळ आहे’ म्हणून मोटारीसोबत गेलेला स्टार्टर आणि पाइप वगळूही नयेत. एकाच रात्री अनेकांचे गेले असेल तर सर्वांनी एकत्र जाऊन ते एकाच टोळीचे काम दिसते हे लेखी मांडावे, कारण टोळीने केलेल्या चोऱ्यांसाठी न्याय संहितेत कलम ११२ हे वेगळे कलम आहे. ते लागू होते की नाही हे तपासावर अवलंबून राहील, परंतु निदान तो विचार नोंदीवर येतो. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, फोडून तांब्याची तार नेली असेल तर विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ असते, तेथे पाच हजारांचा हा उंबरठा आड येत नाही. बंद घरातील चोरीचेही तसेच आहे. ती साधी चोरी नव्हे. घरातील चोरीला न्याय संहितेचे कलम ३०५ आणि घरफोडीला कलम ३३१ लागते, आणि ती मालाची किंमत कितीही असली तरी दखलपात्र आहे.

तिसरी गळती ही ती, जिच्याबद्दल आपल्याला संशय आहे. पोलिसांच्या भाषेत तिला बर्किंग म्हणतात, म्हणजे घडलेला दखलपात्र गुन्हा दाखलच न करणे किंवा हलक्या कलमात बसवणे. जबरी चोरीची साधी चोरी होते, चोरीची ‘गहाळ’ होते, मोबाईलबाबत तर हे सर्रास चालते. असे होत नाही असे मी म्हणणार नाही. त्यामागे दरवेळी भ्रष्टाचार असतो असेही नाही; वरिष्ठांच्या मासिक गुन्हे आढावा बैठकीत ज्याच्या हद्दीत घरफोड्या वाढल्या त्यालाच उभे करून विचारले जाते, आणि जोवर घटलेल्या आकड्याला शाबासकी आणि वाढलेल्या आकड्याला ज्ञापन, म्हणजे खुलासा मागणारे पत्र, मिळते, तोवर खालच्या पातळीवर कागद हलका करण्याचा मोह राहणार. कायदा मात्र याबाबत निःसंदिग्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती घ्यावी लागते, ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते, आणि प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रियांवरील ठराविक गंभीर गुन्ह्यांची माहिती नोंदवण्यास नकार देणे हा तर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या लोकसेवकाचाच गुन्हा ठरतो.

एक अपवाद जाणून असावा, कारण त्याच्या आडोशाने बराच वेळ जातो. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवावी लागते. ‘तुमचा अर्ज चौकशीवर आहे’ असे उत्तर आले तर वाद न घालता एवढेच विचारावे की परवानगी कोणत्या तारखेची आहे. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने अनेक अर्ज पुढे सरकतात.

मग विश्वास कोणत्या आकड्यावर ठेवायचा? जे गुन्हे लपवणे कठीण आणि ज्यांची फिर्याद देण्यात लोकांचा स्वतःचा फायदा, तेच आकडे मी पाहत असे. खून लपत नाही, पण तालुक्यात तो इतका विरळ की त्यावरून कल कळत नाही. दुचाकी चोरी हा माझ्या मते ग्रामीण ठाण्याचा सर्वात प्रामाणिक आकडा आहे, कारण विम्याच्या दाव्यासाठी प्रथम खबर लागते आणि उद्या तीच गाडी दुसऱ्या गुन्ह्यात सापडली तर आपल्यावर येईल या धास्तीनेही मालक ठाण्यात येतोच. त्याखालोखाल रात्रीची घरफोडी, कारण घर फुटलेले सारे गाव पाहते आणि तेथे श्वानपथक, ठसे तज्ज्ञ येतात. या दोन रकान्यांची पाच वर्षांची महिनावार मांडणी करा. त्यांची चढउतार आणि आपले निरीक्षण जुळत असेल तर आपला अंदाज बरोबर आहे. दुचाकी चोऱ्या चढत्या, घरफोड्या चढत्या, आणि त्याच काळात साध्या चोऱ्या मात्र अचानक उतरत्या दिसल्या, तर उतार चोरीत नसून नोंदीत आहे असे समजायला जागा आहे.

आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, जी बहुतेकांना उलटी वाटते. एखाद्या ठाण्यात नवा प्रभारी येतो, ठाणे अंमलदाराला प्रत्येक फिर्याद घ्यायला लावतो, बीट अंमलदारांना गावोगाव पाठवतो. पहिल्या वर्षी त्या ठाण्याचे आकडे वाढतातच. वर्तमानपत्रात ‘गुन्ह्यांचा आलेख चढता’ असे येते, पुढारी मंडळी बदलीची मागणी करतात, आणि सहा महिन्यांत जो माणूस काम करत होता तोच जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंग प्रकरणात ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कालावधी मिळावा असे सांगितले होते, त्यामागे हेही एक कारण आहे. गावाने निदान आकडा वाढला म्हणून निषेधाचे निवेदन देऊ नये.

आता चौकीकडे येऊ. चौकी मागण्यापूर्वी मनुष्यबळाचा हिशेब पाहा. समजा ठाण्याला चाळीस अंमलदार मंजूर आहेत. त्यातून रिक्त पदे, रजा, प्रशिक्षण आणि मुख्यालयाकडे जोडलेले कर्मचारी वजा करा. चोवीस तास ठाणे ड्युटी, वायरलेस, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यावरील नोंदींचे काम, समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी, आरोपी ने-आण हे वजा करा. मग गणपती, यात्रा-जत्रा, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे यांचा बंदोबस्त. उरलेल्या दहा-बारा जणांत बीटची गावभेट, तपास आणि रात्रगस्त बसवायची असते, आणि रात्रीची गाडी बहुधा एकच. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी असावीत असे त्याच २००६ च्या निकालात म्हटले होते. लहान ग्रामीण ठाण्यात आजही दिवसा घरफोडीचा तपास करणारा हवालदार रात्री मिरवणुकीच्या बंदोबस्तात उभा असतो. अशा स्थितीत नव्या चौकीची इमारत मिळते, उद्घाटन होते, आणि माणूस नसल्याने तिला बहुतेक दिवस कुलूप असते. तालुक्यापासून फार लांब असलेल्या, दोन रस्त्यांच्या तिठ्यावरच्या मोठ्या बाजारगावाला दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याच्या अखत्यारीतली अशी चौकी, उपयोगी पडते, हे खरे. आपली गावे त्यात मोडतात का हे अंतर आणि रस्ते पाहून ठरेल. पण निवड माझ्या हाती असती तर मी कुलूपबंद चौकीपेक्षा आपल्या बीटला कायम टिकणारा एक अंमलदार आणि त्याच्या जोडीला एक मदतनीस मागितला असता.

बीट अंमलदार गावात आला की तो कुठे थांबतो यावरून त्याचे काम ओळखता येते. सरपंचाच्या ओट्यावर चहा घेऊन सही करून जाणारा आणि भंगारवाला, वेल्डिंगवाला, मोटार रिवाइंडिंगवाला, ढाबा, नुकतेच सुटून आलेले जुने गुन्हेगार यांच्याकडे डोकावून जाणारा, या दोघांच्या गावभेटींची नोंद दप्तरात सारखीच दिसते. मोटारी आणि केबल यांची चोरी ही शेवटी तांब्याच्या खरेदीवर चालते. केबल जाळून तांबे काढावे लागते, त्याचा धूर आणि वास लपत नाही, आणि ते तांबे कोणी तरी विकत घेतेच. अशा चोऱ्या थांबलेल्या मी पाहिल्या त्या बहुतेक वेळा चोर पकडून नव्हे, तर घेणारा पकडून. चोरीचा माल जाणीवपूर्वक घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि टोळी फिरती असली तरी भंगाराचे दुकान एका जागी असते. तेव्हा ‘आमच्याकडे गस्त वाढवा’ या मागणीपेक्षा ‘पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरातील भंगार खरेदीदारांची तपासणी झाली का’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

यालाच जोडून एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. चोरी झाली की संशय सर्वप्रथम गावाबाहेरच्या पालांवर, पारधी किंवा अन्य भटक्या-विमुक्त वस्तीवर जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही सवय प्रशासनाला आणि समाजालाही लावली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, सवय पुरती गेलेली नाही. तपासाच्या दृष्टीनेही ती घातक आहे, कारण पोलीस वस्तीवर धाड घालण्यात गुंततात आणि खरी टोळी, जी अनेकदा गावातल्याच माहितीवर चालते, मोकळी राहते. कोणाची मोटार नवी आहे, कोण लग्नाला चार दिवस गेले आहे, ही माहिती बाहेरच्याला आपोआप मिळत नसते.

‘पकडतात आणि दोन दिवसांत सोडतात’ या तक्रारीबद्दल थोडक्यात सांगतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये, कारणे नोंदवावीत आणि बहुतेक वेळा नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले, आणि नागरिक सुरक्षा संहितेत नोटिशीची तरतूद कलम ३५ मध्ये आहे. साधी चोरी त्यातच बसते. वारंवार गुन्हे करणाऱ्याविरुद्ध चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची कारवाई आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली दोन वर्षांपर्यंतची हद्दपारी हे उपाय आहेत, पण त्यांच्यासाठी माणसाच्या नावावर नोंदलेले गुन्हे आणि साक्ष द्यायला तयार असलेली माणसे लागतात. येथे पुन्हा गाडी नोंदीपाशी येते: दहा चोऱ्यांपैकी दोनच दाखल असतील तर सराईत चोर कागदावर नवखाच राहतो.

गस्तीबाबत माझे उत्तर सशर्त आहे. गावकऱ्यांची गस्त उपयोगी पडते, विशेषतः पिके काढणीच्या काळात आणि उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात तेव्हा. परंतु ती ठाण्याच्या माहितीने, ग्रामसुरक्षा दल म्हणून, नावांची यादी देऊन आणि बीट अंमलदाराशी रात्रीचा संपर्क ठरवूनच करावी. आपल्या गावाला पोलीस पाटील आहेत का हे आधी पाहा. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खालचे हे पद अनेक ठिकाणी रिकामे राहते आणि मग गाव व ठाणे यांमधला जबाबदार दुवाच नसतो. ते भरण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात करावी लागते, पोलिसांकडे नव्हे.

गस्तीचे काम पाहणे, आवाज देणे आणि कळवणे एवढेच. अनोळखी माणूस दिसला तर त्याला घेरून जाब विचारणे हे गस्तीचे काम नव्हे. खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार आहे तो फार मर्यादित: तिच्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल किंवा समोरचा घोषित गुन्हेगार असेल तेव्हाच, आणि त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. हे मी इतके ताणून सांगतो त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी आधीचे काही दिवस मोबाईलवरून किंवा तोंडी अफवा फिरत होत्या आणि लोक रात्री जागे होते. मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत २०२४ मध्ये रात्री ड्रोन फिरून चोर घरे हेरतात अशी चर्चा पसरली तेव्हाही गावेच्या गावे जागी राहिली. म्हणून गस्तीच्या गटाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह असेल तर त्यावर कोण संदेश टाकणार हे ठरलेले असावे, खात्री न झालेला फोटो पुढे जाऊ नये, आणि संशय आला की पहिला फोन ११२ या आपत्कालीन क्रमांकावर जावा. दारू प्यायलेल्या माणसाला त्या रात्री गस्तीत घेऊ नये, ही अट मी नेहमी लेखी घालत असे.

येथवरच्या विवेचनातून आपल्यापुरते तीन धागे निघतात: एकूण आकडा बाजूला ठेवून दुचाकी चोरी आणि रात्रीची घरफोडी पाहावी, साध्या चोऱ्यांच्या बाबतीत एनसी आणि अर्ज चौकशीत काय अडकले आहे ते शोधावे, आणि चौकीपेक्षा बीट व माल खरेदीदार यांवर बोलावे. यासाठी माहिती कुठून मिळवायची ते सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार प्रथम खबरी चोवीस तासांत, दुर्गम भागात जास्तीत जास्त बहात्तर तासांत, संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. लैंगिक अत्याचारांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडून त्या पाहता येतात. गावातल्या एखाद्या पदवीधर मुलाने दोन संध्याकाळी बसून मागील वर्षाच्या चोरीच्या खबरी गावानुसार मांडल्या, तर बैठकीत बोलायला ठोस आधार मिळतो, आणि आपल्या गावातली कोणती घटना त्यात नाही हेही कळते. एनसी आणि चौकशी अर्जांची संख्या मात्र तेथे नसते. ती माहिती अधिकारात मागावी: गेल्या पाच वर्षांत दाखल दखलपात्र चोऱ्या, घरफोड्या, वाहन चोऱ्या, चोरीबाबतच्या एनसी, प्राथमिक चौकशीवर घेतलेले अर्ज, आणि त्यांपैकी ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही म्हणून बंद झालेली प्रकरणे, सर्व महिनावार. केवळ संख्या मागितल्यास तपासाला बाधा येते असे कारण देऊन नकार देणे अवघड जाते. नावे आणि तपशील मागितले की ते कारण लगेच पुढे येते. ज्यांची फिर्याद दाखल आहे त्यांना तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणे कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा आपल्या गावातील प्रत्येक फिर्यादीने ती लेखी मागून ठेवावी.

हे कागद हाती आले की लगेच वर्तमानपत्राकडे जाण्याऐवजी प्रथम प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा. ठाण्यात किती एनसी चोरीच्या आहेत हे त्यांनी स्वतःही एकत्रित पाहिलेले नसण्याची शक्यता असते. तेथे समाधान झाले नाही, तर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अधीक्षक ठाण्याचे वार्षिक निरीक्षण करतात, त्या वेळी परिसरातील नागरिकांची आणि पोलीस पाटलांची भेट घेण्याची पद्धत आहे. त्याची तारीख ठाण्याला आधी कळलेली असते. ती विचारून घ्या आणि आपल्या गावांची महिनावार मांडणी एका पानावर करून त्या दिवशी त्यांच्या हाती द्या. निरीक्षणाच्या टिपणीत आलेल्या मुद्द्याची पूर्तता ठाण्याला लेखी कळवावी लागते.